खिडकी क्रमांक एक

एकवीस वर्षं मी इथून माणसं पाहिली
छातीपासून वर, जाळीच्या चौकोनात.
नाव. वय. पत्ता. सोबत कोण?
रक्त गळत असलं तरी आधी नाव.
तसं ठरलेलं होतं, मी ठरवलेलं नव्हतं:
हे वाक्य मला पाठ आहे.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका रात्री
बैंगनवाडीहून एक गृहस्थ आले, स्वतःच्या पायांनी.
शर्ट इस्त्रीचा, पाठीला चिकटलेला.
म्हणाले, पित्त झालंय बहुतेक,
सोडा प्यायलो, उतरत नाही.
आडनाव वाघधरे.
ध की द, मी दोनदा विचारलं.
पिनकोड त्यांना आठवेना.
म्हटलं, आठवा, बसून घ्या तोवर.
सत्तेचाळीस नंबर दिला.

ते बाकावर नीट बसले,
ओरडणाऱ्यांना वाट देत.
कुणाचं तापलेलं मूल, कुणाचा मशीनखाली चेपलेला अंगठा,
एकमेकांची डोकी फोडून
एकाच रिक्षातून आलेले दोघे भाऊ.
बेचाळीस पुकारला तेव्हा त्यांनी चपला सरळ केल्या.
शेहेचाळीसला हलले नाहीत.
सत्तेचाळीस मी तीनदा पुकारला,
तिसऱ्यांदा जरा चिडून.

पुढे डॉक्टर निलोफर तुंगेकर आली, नवीनच,
खेळाच्या सरांच्या गळ्यात असतं तसलं घड्याळ घेऊन.
तीन रात्री खांबाशी उभी.
माणूस दारात आला, पहिला हात कधी लागला,
एवढंच वहीत लिहायची.
मला राग आला.
चौथ्या रात्री वही जाळीला टेकवून दाखवली:
एकावन्न मिनिटं.
त्यातली चौतीस माझी खिडकी आणि तो बाक.
बोलली काहीच नाही.
बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

बैठक झाली. माणसं वाढवा, खाटा वाढवा,
आम्ही सगळे एका सुरात.
साहेब म्हणाले, प्रस्ताव पाठवतो.
सिस्टर मेबल लोपीस मध्येच उठल्या,
ड्रेसिंगच्या खोलीतलं स्टूल
फरशीवर करकरवत दाराशी नेलं.
एक पाय तोकडा, त्याखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा.
आता जो येईल त्याच्या मनगटावर
आधी त्यांचा हात.
मग फीत. लाल, पिवळी किंवा हिरवी.
लाल असेल तर सरळ आत,
नाव राहू दे.

हिरव्यांनी गोंधळ घातला.
कुणा पुढाऱ्याच्या भाच्याने फीत सिस्टरच्या अंगावर फेकली.
त्यांनी ती उचलली,
पुन्हा बांधली, गाठ जरा घट्ट.

एकावन्नची एकोणीस झाली.
कधी तेवीस. गोदामाला आग लागली त्या रात्री
परत साठ, आणि घड्याळाकडे बघायला कोणी नाही.
सिस्टर गप्प बसलेल्यांकडे आधी जातात.
मी त्यांना वाघधऱ्यांचं सांगितलं नव्हतं.
त्यांचाही कोणी असेल.

माझ्या खिडकीशी आता रांग नसते.
सुरुवातीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
रबरी शिक्का कोरडा पडायला लागला.

काल पहाटे, चहावाला यायच्या आधी,
एक बाई आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं.
नवरा आत. लाल फीत.
आता घोरतोय, म्हणाल्या, आणि हसल्या,
मग हसल्याची लाज वाटून गप्प झाल्या.
लिहायचं राहिलंय ना? लिहा आता.
आडनाव खुरंगळे.
अनुस्वार कुठे, मात्रा कुठे,
सावकाश सांगितलं त्यांनी, मी सावकाश लिहिलं.
राहायला बैंगनवाडी.
पिनकोड काही त्यांना येईना.

असू दे, म्हटलं, आणि मीच लिहिला:
चार, शून्य, शून्य, शून्य, चार, तीन.

मला तो त्या रात्रीही येत होता.