गुरुवारची चादर

एपिफनी सत्राला पाहुणी येणार म्हणून
सहा जानेवारीलाच मी नऊ नंबरचा रेडिएटर लावला.
हे धूड तापायला दोन दिवस घेतं.
आधी खोकतं, मग कुरकुरतं, मग ऐकतं.

एकोणीस वर्षं डरहॅमच्या या कॉलेजात जिने झाडते आहे.
दर सत्राला नवं माणूस: विद्वान नाहीतर कलावंत.
कॉलेज तीन महिने पोसतं,
बदल्यात एक व्याख्यान, आणि वरच्या पंगतीत
शेजाऱ्याशी चार शब्द.
मी त्यांना ओळखते कचऱ्याच्या टोपलीवरून.
काच फुंकणारी ती चिलीची बाई,
तिच्या टोपलीत संत्र्याच्या साली,
एकसंध, स्प्रिंगसारख्या.
शेवाळावर लिहिणारे एस्टोनियन गृहस्थ
टोपलीच धुऊन ठेवायचे.
आणि वेल्सचे एक कवी. नव्वद दिवस टोपली कोरडी.
(बाटल्या मात्र स्वतः खाली नेत, अंधार पडल्यावर.)

यंदा पाटीवर: डॉ. इख्लास अल-तय्यिब, खार्तूम.
विषय, विहिरी.
नॉर्मन गार्बट, आमचा दरवान, त्याने ते नाव
जिभेचं टोक दातांत धरून रंगवलं,
मधली आडवी रेघ तीनदा पुसली.

पुस्तकांची दोन खोकी आली, कैरोमार्गे.
ती आली नाही.
व्हिसाचं काहीतरी, मग रस्त्याचं काहीतरी,
मग फोनच लागेना.

खजिनदार म्हणाले, खोली परिषदवाल्यांना देऊ.
प्राचार्यबाई म्हणाल्या, थांबू जरा.
मला कुणी काहीच म्हणालं नाही,
आणि माझ्या यादीत तर लिहिलेलं: चादर, दर गुरुवारी.
मग काय, बदलत राहिले.
कुणी न निजलेली, न चुरगळलेली,
काढायची, धुण्यात टाकायची, दुसरी घालायची.
धुलाईतली मेव्हिस म्हणाली, हिला काय झालंय?
म्हटलं, गुरुवार झालाय.

फेब्रुवारीत पत्र. पोर्ट सुदानचा शिक्का.
वर लिहिलेलं: नऊ नंबरची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांना.
नॉर्मनने माझ्याच हातावर ठेवलं.
आत तीन ओळी.
तुमच्या कागदांत म्हटलं आहे,
टेबल खिडकीपाशी आहे.
खिडकीतून काय दिसतं?

आता या तावदानांना मी एकोणीस वर्षं व्हिनेगर चोळते.
काच पाहिली होती. डाग पाहिले होते.
बाहेर म्हणजे काय, बाहेर.

खुर्ची ओढली. बसले. पहिल्यांदाच.
अंगात एप्रन, मांडीवर किल्ल्या,
परीक्षेला बसल्यासारखी.
लिहिलं: नदी दिसते, पण सगळी नाही, वळणापुरती.
होड्यांची शेड आहे, दार हिरवं, एक बिजागरी गेलेली.
बीचच्या झाडात कावळ्यांची सात घरटी.
सव्वाअकराला एक म्हातारा कुत्र्याला फिरवतो;
खरं तर कुत्रा त्याला.
अंगणात एक विहीर आहे. वर लोखंडी जाळी.
खोली विचारून कळवते.

विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं.
ना खजिनदारांना, ना ग्रंथालयाला,
ना त्या दोनशे पानांच्या कॉलेजच्या इतिहासाला.
शनिवारी नॉर्मनने गळाचं शिसं दोरीला बांधलं.
मी जाळी धरली, तो वाकला,
दोरी जात राहिली, जात राहिली,
आणि खालून एक लहानसा आवाज आला,
कुणीतरी ओठ उघडावे तसा.
त्रेचाळीस फूट. त्यातलं पाणी नऊ.
तेही कळवलं.

उत्तर अजून नाही.

एप्रिलमध्ये फिनलंडची विणकर येतेय.
नॉर्मन म्हणतो, पाटीवर खाली जागा आहे,
वरचं काही पुसायला नको.

आज चादर काढताना
पायथ्याशी एक घडी दिसली, बसल्याची.
कोण, म्हणून दचकले.
मग आठवलं: शनिवारी ओला बूट काढायला
मीच टेकले होते.
तरी ती घडी
मी लगेच झटकली नाही.