एक पूर्णांक शून्य चार

विट्याहून मिरजेला सकाळची सहा चाळीसची एस.टी.
विट्यात दवाखाने आहेत,
पण तिथली नर्स माझ्या जावेच्या माहेरची.
म्हणून मिरज.
घरी सांगितलं, दाढ.

चार वर्षांत माझ्या पुष्कळ दाढा दुखल्या.

पहिली म्हणाली बुरशी, मलम दिलं.
दुसरी म्हणाली लघवीचा संसर्ग, पाणी प्या भरपूर.
तिसरा पुरुष होता, कागदावरून नजर न उचलता म्हणाला,
मिस्टर कुठे असतात?
सेलमला. गलाईचं दुकान.
हं, म्हणाला,
आणि त्या एका 'हं'त लग्नाची एकोणीस वर्षं
त्यानं पावतीसारखी दुमडून ठेवली.

मुजावर मॅडमनी विचारलं, नक्की कुठे दुखतं?
खाली.
खाली म्हणजे?
शब्द सापडेना.
ज्या शब्दांनी बायका नळावर भांडतात
तेवढेच होते माझ्याकडे,
ते त्यांच्या पांढऱ्या टेबलावर कसे ठेवायचे?
बोटानं दाखवलं. साडीवरून.

सुई टोचते. मग मुंग्या, मांडीतून टाचेपर्यंत.
बसलं की निखारा, उठलं की राख.
कधी मोहरीएवढा फोड,
कधी नुसती फोड येणार ही भीती,
तीही आग करते, खोटं नाही सांगत.

हर्पीस असू शकतं, म्हणाल्या.
म्हणजे नागीण?
आमच्या आत्याला झाली होती, कमरेला.
तोंड-शेपूट जुळलं तर माणूस जातं म्हणून
सगळी गल्ली बघायला आलेली,
कुणी गेरू आणला, कुणी मंत्र.
नागीण नव्हे, मॅडम म्हणाल्या, तिच्या भावकीतली.

भावकी म्हटल्यावर कळलं.
भावकी जात नाही कुठे,
बांधाआड बसून राहते गप,
आपण जरा दमलो की उठते.

फरक एवढाच,
हिला बघायला गल्ली येणार नाही.

रिपोर्ट आला. ०.९ च्या खाली, नाही.
१.१ च्या वर, आहे.
माझं १.०४.

नवरा माझा सोनारांच्या दुकानातली धूळ वितळवतो,
झाडलोटीच्या मातीतून गुंज गुंज सोनं काढतो,
तेजाबाचा थेंब टाकून सांगतो, इतकं खरं, इतकी भेसळ.
त्याच्या आकड्याशी कुणी वाद घालत नाही.
आणि माझं रक्त
ना खरं ना खोटं, मधल्या बांधावर उभं.

फोड ताजा असताना या, मॅडम म्हणाल्या,
कापूस फिरवून नमुना घेऊ, अठ्ठेचाळीस तासांच्या आत.
फोड आला बेंदराला.
फोड आला सलग सुट्ट्यांत.
फोड आला सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला,
मी चाळीस माणसांचे वडे तळत होते.
मिरजेत पोचले तेव्हा सुकलेला.
आता काही दिसत नाही हो, म्हणाल्या.
दिवा जवळ घेऊन परत बघितलं.
नाही.

मग मी त्याला फोन केला, रात्री साडेनऊला.
तुला कधी तसलं काही आलतं का अंगावर?
मागं भट्टीचा भाता.
का गं?
सहज.
लहानपणी यायचं ओठावर, ताप आला की.
आई म्हणायची, ताप बाहेर पडला.

मॅडम म्हणाल्या होत्या, ओठावरूनही येतं,
वर्षानुवर्षं मुक्यानं राहतं,
कुणाकडून, कधी, विचारू नका, रक्त सांगत नाही.
मी ते विचारलंच नाही त्याला.
फक्त उत्तराआधी तो किती थांबला ते मोजत होते,
भाता मोजू देत नव्हता.

दिवाळीला येतो, म्हणाला.
ये, म्हटलं.
आणि फोन ठेवल्यावर
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दिवाळी लांब पडावी असं वाटलं.

केसपेपरवर मॅडमनी लिहिलंय, हर्पीस, पुढे प्रश्नचिन्ह.
गोळ्यांपुढे प्रश्नचिन्ह नाही. सकाळी एक, रात्री एक.
पाकीट मिश्रीच्या डब्यात ठेवते,
दाढेचं औषध दाढेच्या जागी.

परतीच्या गाडीत तासगावला निम्मी माणसं उतरली.
कंडक्टर म्हणाला, ताई, जागा झालीय, बसा की.

असू दे, म्हटलं. उभी बरी आहे.