पंच क्रमांक दोन

हवालदार गावित काउंटरवर हात ठेवून म्हणाले,
"चला वर. पंच लागतायत."
मशीन चालू होतं. कुणाचा तरी शाळेचा दाखला
अर्धा आत, अर्धा बाहेर.
किती, विचारलं.
"दोन. कायद्याला दोन पुरतात."

मग पाचांचं काम करायला आम्ही दोघं निघालो:
कापडवाले गाला, आणि मी झेरॉक्सवाला.

पाटीवर टिपणीसांच्या घरची पाच नावं.
राहत होतं त्यातलं एकच,
आणि तेही, डॉक्टरांच्या अंदाजानं, चार-पाच दिवस नव्हतं.
शशिकलाबाईंना सकाळीच सिव्हिलला नेलं होतं.
आता फक्त वस्तू लिहायच्या.

गावितांना मोठ्यानं बोलत लिहायची सवय.
पंचपात्र, एक. पळी नाही.
पंचपाळं, एक.
मी मोजल्या, वाट्या चारच.
एकीत कुंकू, एकीत सेफ्टी पिना, दोन कोरड्या,
पाचवीच्या जागी डिंकाचा गोल डाग.
तरी पंचपाळंच लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

दोरीवर पंचा.
गालांनी धंद्याच्या सवयीनं हातावर मापला
आणि हळूच म्हणाले, "पावणेचार हात."
कपाटात पाचवारी, सात.
गावित थांबले. "हे नेमकं किती झालं?"
हसू आलं तिघांनाही, आणि लगेच गिळलं.

पंचांगाला पाच अंगं असतात म्हणे.
बाई एकच वापरत, वार.
दुधाचे खाडे सगळे वारांवर खुणा करून.

असंच होतं या आकड्याचं.
शब्दात शिरतो, घर करतो, भाडं थकवतो,
एक दिवस गुपचूप निघून जातो
आणि पाटी तेवढी राहते.
आमची पाचपाखाडीच घ्या.
कुणी म्हणतं पाखाडी म्हणजे वाडी, कुणी म्हणतं दगडी वाट.
पाच कुठल्या, म्हणून दोन म्हाताऱ्यांना विचारलं
तर सहा नावं मिळाली
आणि सातवीवरून भांडण.
निवाडा करायला पाच जण बसायचे ती पंचायत,
आणि त्यांच्या बसण्यानं जे व्हायचं
ती पंचाईत.

फक्त पेटी राहिली होती लिहायची.
शनिवारी वरून पोरांचे आवाज यायचे दुकानात,
सा लावून थेट प वर उडी.
बाई ओरडायच्या, "रे हलेल, ग हलेल,
प हलत नाही! त्याला कोमल नाही, तीव्र नाही,
तो जिथं आहे तिथंच आहे!"
गावितांनी भाता ओढून एकेक पट्टी दाबली.
सा बोलला. रे, ग, म बोलले.
पुढची दाबली
तर नुसती हवा.
कुणीतरी सुस्कारा टाकावा तशी.
परत दाबली नाही.

"हार्मोनियम, एक, जुनी," त्यांनी लिहिलं.
मी म्हणालो, लिहा ना, एक स्वर बंद.
"त्याचा रकाना नाही."

पाचव्या रात्री सटवाई येते, कपाळावर लिहून जाते.
तिच्यासोबत पंच नसतात.
ती वाचून दाखवत नाही, सही मागत नाही.
आमच्या मात्र चारही पानांवर सह्या.
"वाचून पाहिले, बरोबर आहे."

जिन्यातल्या फळ्यावर सेक्रेटरींनी खडूनं लिहिलं होतं,
तिसऱ्या मजल्यावरील शशिकला टिपणीस
पचत्वात विलीन.
गाला पुढं उतरून गेले. मी थांबलो.
कठड्यावर खडूचा तुकडा होता.
प वर टिंब दिलं.
एवढंच करता आलं.

खाली दाखला तसाच अडकलेला.
मशीन उघडून, गरम कागद ओढून काढत होतो
तेवढ्यात गावित परत आले, हातात ती चार पानं.
"याच्या कॉप्या लागतील."
किती?
ते बाहेर अल्मेडा रोडकडं बघत होते.
"काढा की," म्हणाले,
"चार-पाच."