कार्बनची प्रत

जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
पडली, एवढंच सांगू नका.
पडण्याआधीचं सांगा.

मी सावद्याला केळीच्या काट्यावर मुनीम.
बावीस वर्षं घड मोजतो, दांड्याची वजावट धरतो,
ट्रक निघाला की पावती फाडतो.
आणि पोरीचं मला एवढंच आठवत होतं:
जिन्याची तिसरी पायरी, गडगडत गेलेला तांब्या,
तोंडाला फेस.

मग काट्यावरचंच एक जुनं पावतीबुक घेतलं.
'माल'च्या रकान्यात लिहिलं, तेजल.
वजनाच्या रकान्यात सेकंद.

पहिली नोंद नऊची.
पऱ्हाट्यांवर भरिताची वांगी भाजत होती.
उलटायला हात गेला आणि तिथेच राहिला.
पापण्या थोड्या फडफडल्या, बस.
एरवी म्हणालो असतो, धूर गेला डोळ्यात.
मग हात पुढे गेला, वांगं उलटलं.
कुठे गेली होतीस गं?
म्हणाली, इथेच तर आहे.

शाळेच्या वहीत लाल शाईने होतं: लक्ष नसते.
खाली पालकाची सही. माझीच.
ती तारीखही उतरवून घेतली.

चिनावलच्या लग्नात रात्रभर जागली,
सकाळी बशी हातातून उडाली.
उडाली, सुटली नाही. सुटलेली बशी पायाशी पडते,
ही समोरच्या भिंतीवर फुटली.
खांद्याला कुणी मागून ढोसावं तसे झटके,
लागोपाठ तीन, आणि पोरगी पूर्ण जागी,
चहा माझ्या सदऱ्यावर, पाणी तिच्या डोळ्यांत.
तिची आई म्हणाली, धसमुसळी.
मी लिहिलं: सकाळ. झोप कमी. भान आहे.

मोठा आला तो काट्यावर. डबा घेऊन आली होती.
आधी एक आवाज. ओरडणं नव्हे,
छातीतला सगळा वारा बंद दाराच्या फटीतून निघावा तसा.
मग ताठ, लाकूड.
मग हातपाय, ठेक्यात. ओठ जांभळे.
कांदा आना रे! चप्पल सुंगवा!
किल्ली द्या तिच्या मुठीत!
सुभान तडवी चमचा घेऊन दात उघडायला बसला.
म्हटलं, सुभान, तोंडात काही घालू नको.
धरूही नको. होऊ दे.
केळीची वाळली पानं डोक्याखाली सारली,
ओढणी सैल केली,
झटके ओसरताच कुशीवर वळवली.
नजर घड्याळावर. पाच मिनिटं झाली की गाडी, असं ठरलेलं.
दोन मिनिटं दहा सेकंद.
काट्याची सुई इतका वेळ कधी हलत राहिली नव्हती.
मग चावलेली जीभ, ओली सलवार, घोरती झोप.
सुभानने डोक्याचा रुमाल सोडून तिच्यावर पांघरला
आणि सगळ्या हमालांना पाठ फिरवायला लावली.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलं नाही,
म्हणून समासात लिहिलं.

बाईंनी पावत्या वाचल्या, वरच्या प्रती ठेवून घेतल्या.
म्हणाल्या, हे तिन्ही घड एकाच झाडाचे.
केळीला घड एकच येतो, पण मी बोललो नाही.
गोळ्या लिहिल्या, एकही चुकवायची नाही म्हणाल्या,
आणि जाता जाता: घरात आणखी कुणाला?
नाही, म्हटलं.

परतीच्या एसटीत, भुसावळ सुटल्यावर,
सुपडूकाका आठवला.
बोलता बोलता थांबायचा. नजर आपल्या पलीकडे.
सुपारी नसताना चघळायचा,
सदऱ्याचं एकच बटण चाचपत राहायचा मिनिटभर.
कधी त्याआधी म्हणायचा, रबर कुठे जळतंय रे?
आम्ही पोरं हुंगत फिरायचो. कुठे काही नसायचं.
नंतर स्वतःच्याच ओट्यावर
परगावी उतरल्यासारखा बघायचा.
गाव म्हणायचं, पितो.
सुकी नदीच्या बंधाऱ्यात सापडला
तेव्हाही चार जणांनी तेच सांगितलं.
काका चहासुद्धा घेत नव्हता.

रात्री एक पावती लिहिली.
माल: सुपडू बोरोले. वजन: अंदाजे एक मिनिट.
तारीख सोडली.
वरची प्रत द्यायला कुणी नव्हतं.
खालची बघितली. फिकट होती,
पण वाचता येत होती.