शेजार

एर्देनेतमध्ये उणे एकतीस.
आर्गॉनचा ट्रक दोन दिवस दार्खानच्या रस्त्यात अडकून पडलेला,
आज दुपारी आला.
नळीत आधी एक ठिणगी, मग फस्सकन
अंगठ्याएवढी ज्योत,
सूर्याच्या कातडीहून तापलेली.
आम्ही दोघी तिच्यासमोर कोट घालूनच बसलो.

दाशझेवेगची पिशवी म्हणजे जुना लोकरी मोजा.
आत पांढरी खारी माती, हुजिर,
त्याच्या शेळ्या चाटतात ती.
गेल्या वसंतात करडं थरथरत गेली, म्हणाला,
आणि एकेक बोट दुमडत मोजू लागला.
नवव्या बोटाशी थांबला.
"यंदा आधीच विचारून घेतो.
हिच्यात शिसं आहे का, एवढंच सांगा."

एवढंच.

कोऱ्या पाण्यातलं शिसं सरळ असतं.
चार थेंब आम्ल, बाकी कुणी नाही.
दोनशेवीस पूर्णांक पस्तीसला,
आपल्या नेमक्या जागी, ते उजेड पाडतं,
जेवढं आहे तेवढंच बोलतं.
त्याच्यावरून आम्ही पट्टी आखतो
आणि नेऊन मातीला लावतो.
पण माती कधी एकटी आली आहे?

पडद्यावर एकेचाळीस.
मी अहवालात लिहायलाही घेतले,
तेवढ्यात सुरेनहोर्लूनं
कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"आकडा नको बघूस, शिखर बघ.
त्याचा उजवा खांदा बघ.
कुणीतरी हात ठेवलाय त्याच्यावर."

ॲल्युमिनियमनं.
दुसऱ्या घरचा दिवा तो,
पण मातीत ढिगानं, आणि मधली भिंत पातळ.
त्याचा उजेड झिरपत राहतो इकडे
आणि शिशाच्या खात्यावर जमा होतो.
वजा केला. उरले तीन.

सुटला म्हातारा, मी म्हटलं.
"सोडियमचं कुठे ऐकलंस अजून?"

खरंच, ज्योत बघायची राहिलीच होती.
कडेनं पिवळी झालेली,
खाऱ्या मातीचा नमुना आत जाताच
उतावळ्या इलेक्ट्रॉनांनी भरून गेलेली.
त्या गर्दीत शिसं
नीट तापायच्या आत पुढे ढकललं जातं.
बोलतं, पण पुटपुटल्यासारखं.

मग आम्ही त्याच मातीच्या पाण्यात
आमच्या हातानं मोजलेलं शिसं घातलं, दहा.
परत आलं सात.
तीन गेले कुठे? कुठेच नाही.
तिथेच होते, ऐकू आले नाहीत.

ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला
वाण नाही पण गुण लागतो, म्हणतात.
इथे वाण तेच, गुणही तेच,
शेजारानं बदलते ती फक्त हाक.
आणि आमची सगळी विद्या
कुणाची हाक कुणाच्या तोंडून आली
हे ओळखण्यापुरतीच.

सुरेनहोर्लूनं कागदावर तीनाला भागलं
आणि लिहिलं: चार, किलोला मिलिग्रॅम.
कुठल्याही परसातल्या मातीत असतं
त्याहून कमी.

तो बोळात बाकावर बसला होता,
थर्मासच्या झाकणात दुधाचा खारा चहा.
आकडा ऐकून हसला नाही.
झाकण तसंच हातात धरून म्हणाला,
"मग करडं कशानं गेली?"

एकेचाळीसवर थांबलो असतो
तर त्याला उत्तर मिळालं असतं.
चुकीचं, पण हातात धरून घरी नेता येईल असं.
मी खिडकीकडे बघत राहिले,
काचेवर आतून बर्फ होता.

"जे आहे ते झालं बघून," सुरेनहोर्लू म्हणाली,
"आता काय कमी पडलं ते शोधू.
गवत आण, हिवाळ्याचं साठवलेलं.
मातीच्या मोज्यात नको, वेगळ्या पिशवीत."
आणि नव्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली:
सेलेनियम, एकशेशहाण्णव.

"तिथे लोखंड राहतं शेजारी," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

ज्योत विझवली. नळी निवल्यावर बघितलं,
तिच्या तोंडाशी मिठाची पांढरी कड साचलेली.
ती खरवडेपर्यंत
बाहेर त्याची मोटरसायकल
सुरू व्हायचं नाव घेत नव्हती.