दोन पेरं माती

तक्रार अशी होती, की एसी नीट गार करतो
आणि पानं गळतात.
सुपरवायझरनं कागदावर एसी लिहिलं,
पानांच्या जागी प्रश्नचिन्ह.

सालमिया, सहावा मजला, जुलै.
शिडी आणि ब्रश घेऊन मी दारात,
आणि मादाम नवाल समोर
काचेचा वाडगा धरून. आत पानं,
हिरवी, पिवळी, एक अर्धंच पिवळं.
"आजची एकोणीस," म्हणाल्या. "काल चौदा होती."
फार्मसीत गोळ्या मोजणारी बाई, चुकायची नाही.

झाड कोपऱ्यात. फायकस म्हणतात.
मी देठ मोडला, बोटावर पांढरा चीक आला.
अरे, हे तर वडाच्या गोतातलं!
आमच्याकडे याचे थोरले पारावर ऐसपैस बसतात,
हे इथे प्लॅस्टिकच्या कुंडीत
अंग चोरून.

झाडांचा डॉक्टर नाही मी, मादाम.
पण वारा कुठून सुटतो, कुठे आपटतो
एवढं कळतं. चोवीस वर्षं तेच करतोय.
खिशातली उदबत्ती लावली.
धूर जाळीखालून सरळ गेला, वाकला,
आणि झाडाच्या डाव्या खांद्यावर फुटला.
तेवढीच फांदी उघडी पडलेली.

गावी बाळंतिणीच्या कानाला फडकं बांधतात,
दार लोटून घेतात.
वारा वाईट नसतो,
एकाच जागी लागत राहिलेला वाईट.
हे मी हिंदीत सांगितलं, मग मोडक्या अरबीत,
मग नुसत्या हातांनी.

"म्हणून तर हलवते मी त्याला," त्या म्हणाल्या,
"सोमवारी खिडकीशी, बुधवारी फ्रीजजवळ,
शुक्रवारी पाहुणे आले की पॅसेजमध्ये."
मी शिडीवरूनच हात जोडले.
त्याला उजेड ओळखायला महिना लागतो, मादाम,
तुम्ही तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड उचलता.
मग ते पानं टाकून सामान हलकं करतं.
कुठलीही एक जागा द्या. वाईट असली तरी एकच.

आणि पाणी? त्यांनी नळ सोडून दाखवला.
गच्चीवरच्या टाकीत तापलेलं, चहाचं आधणच.
रात्रभर बादलीत निवू द्या.
नाहीतर हा पाईप बघा, माझ्या मशीनचा,
थेंब थेंब करत दिवसाला अर्धी बादली,
ना खार ना चव.
पण रोज नको. आधी बोट घाला मातीत.
दोन पेरं कोरडी लागली तरच.

फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
जाळीला तिरपा पडदा लावला.
उदबत्ती परत. धूर छताकडे गेला.
कागदावर लिहिलं: दोष नाही, तपासले.
पुठ्ठा कुठल्या रकान्यात मांडायचा
ते काही सुचलं नाही.

ऑक्टोबरात सर्व्हिसला गेलो.
वाडग्यात किल्ल्या, सुटे फिल्स, आणि दोन पानं.
"या आठवड्याची," त्या म्हणाल्या,
जरा तोऱ्यातच.
डावा खांदा अजून उघडा होता, खोटं कशाला बोलू,
पण पेरापाशी एक टोक निघालेलं,
घट्ट गुंडाळलेलं, सुईच्या नाकाएवढं.
मी हात लावला नाही.

चहा देताना त्या माझ्या टकलाकडे पाहून म्हणाल्या,
"तुमचेही पाण्यानंच गेले का?"
इथे सगळे पाण्यालाच बोल लावतात.
म्हटलं, काय माहीत.
खोलीत आम्ही सहाजण,
माझी खाट बरोब्बर जाळीखाली.
चोवीस वर्षांत जागा तेवढी बदलली नाही.

त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या,
उरलेला पुठ्ठा जपून ठेवला होता, तो आणला.

शिडीला बांधला.
लिफ्ट बंद होती.