सव्वातीन वेढे

या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वातीन वेढे.
एकोणीस वर्षं हे माप माझ्या खांद्याला पाठ होतं.

गाडी मीच बांधली, सहकारनगरच्या पार्किंगमध्ये.
चौकोनी पाइप, भोसरीहून टेम्पोत आणलेली फायबरची बॉडी,
पुढे कुठल्याशा आठशेचं रॅक, आणि टायर मात्र जिप्सीचे,
कारण तेव्हा मला रुंद टायर आवडायचे.
सोसायटी तिला बाथटब म्हणते. म्हणू दे.
आरटीओतल्या साहेबांनी तर रंगाच्या रकान्यात
'मतभेद' असं लिहिलं होतं.

उभ्या गाडीत चाक वळवणं म्हणजे
जात्यात ओले गहू दळणं.
पण वेग आला की रस्ता हाताशी बोलायचा.
दांडेकर पुलावरचा सांधा, मित्रमंडळ चौकातलं खचलेलं झाकण,
आधी तळहाताला कळायचं, डोळ्यांना नंतर.
पॉवर स्टीअरिंग म्हणजे, मी चारचौघांत सांगायचो,
हातमोजे घालून भात कालवणं.

कुमुद डावीकडे बसायची.
पर्स मांडीवर, एक हात दाराच्या पट्टीला.
लायसन्स तिच्याकडेही आहे. दोनदा रिन्यू केलेलं,
फोटोत दर वेळी थोडी अधिक गंभीर.

दिवाळीच्या चार दिवस आधी तिनं सोऱ्या माझ्यापुढे ठेवला.
"मनगट वळत नाही. तुम्ही फिरवा."
आणि त्याच सुरात, कढईतलं तेल बघत,
"ती गाडी मला एकदा चालवायची होती."

होती.

मी सोऱ्या फिरवत राहिलो. पीठ घट्ट होतं.

बुधवारी जुन्या बाजारात गेलो.
शकूरकडे भंगारातल्या वॅगनारचा कॉलम पडला होता,
गळ्याशी मोटर, गलगंडासारखी.
तो अडीच हजार म्हणाला, मी बाराशे,
दोघेही अपमानित होऊन सतराशेवर थांबलो.

दाते जुळेनात.
"काका, स्टीअरिंगला वेल्डिंग? झोप लागेल तुम्हाला?"
फुगे लेथवरून मान वर न करता म्हणाला.
मग मधला तुकडा अख्खा नव्यानं काढला,
दाते पाडले, बोल्ट आरपार.
तीन शनिवार.

कॉलम उघडला तेव्हा आत एक सळई दिसली,
करंगळीहून बारीक.
चाक फिरवलं की आधी ती पिळली जाते, केसभर,
आणि त्या पिळावरून मोटरला समजतं
हाताला किती जड जातंय ते.
सांगावं लागत नाही.
टॉर्च कुमुदच्या डाव्या हातात होता.
"काय बघताय एवढं?"
"काही नाही. ग्रीस सुकलंय."

मोटर आधी वेड्यासारखी धावायची.
वेगाची तार जोडायला जागाच नव्हती,
त्यामुळे गाडी जन्मभर उभीच आहे अशी तिची समजूत.
शेवटी डॅशखाली एक डबी बसवली, रेडिओसारखं बटण:
डावीकडे जड, उजवीकडे हलकं.
मी ते डावीकडेच ठेवलं, पाव वेढा सोडून.
रस्ता अगदीच गप्प होऊ नये.

रविवारी पहाटे साडेपाच. तळजाईचा चढ.
मी चुकीच्या दारानं आत बसलो,
पर्स माझ्या मांडीवर.
पहिल्याच वळणावर तिनं गाडी अर्ध्यात थांबवली.
"अजून जड आहे."
"सवय होईल."
तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
डॅशखाली हात घातला, न चाचपडता
(तीन शनिवार टॉर्च कुणी धरला होता?)
आणि बटण उजवीकडे, शेवटपर्यंत.

चाक दोन बोटांवर फिरलं.
वर मोर ओरडत होते, की तिनं हॉर्न दिला, आठवत नाही.
रस्ता गप्प झाला असेल.
मला इकडे काय कळणार,
मी दाराची पट्टी धरून बसलो होतो.

पट्टी सैल आहे. स्क्रू बाहेर आलाय.
बहुतेक तिनं सांगितलं होतं, दोनदा तरी.